वस्तू कोणाच्या हातात आहे? गॅजेटच्या बातम्या नव्याने वाचू लागलेल्यांसाठी

गॅजेटच्या बातम्यांच्या नादी नव्याने लागलेल्या माणसाला सुरुवातीला दम लागतो. सकाळी एक फोन ‘लीक’ झालेला असतो, दुपारी कुठलीशी चिप सगळ्यांना मागे टाकते आणि रात्रीपर्यंत त्याच चिपला कोणीतरी भंगारात काढलेलं असतं. यातलं खरं किती हे ओळखायला अभियांत्रिकीची पदवी लागत नाही. एक प्रश्न मात्र सतत विचारावा लागतो: ही वस्तू आत्ता नेमकी कोणाच्या हातात आहे? अजून कोणाच्याच नाही, फक्त कंपनीच्या, दहा मिनिटांपुरती पत्रकाराच्या, दोन आठवडे परीक्षकाच्या, की स्वतःचे पैसे मोजलेल्या माणसाच्या? उत्तर मिळालं की त्या बातमीवर किती विश्वास टाकायचा ते बरंचसं ठरून जातं.

पायरी १: बातम्या स्वतः बोलवा

यूट्यूब, इन्स्टाग्राम किंवा एक्स समोर टाकेल ते वाचत बसू नका. चमकणारं आणि चिडवणारं तिथे आधी दिसतं. ‘कालची बातमी चुकीची होती’ हे सांगणारी दुरुस्ती सहसा तुमच्यापर्यंत पोचतच नाही.

त्यापेक्षा आरएसएस वापरा. १९९९ मध्ये नेटस्केपने सुरू केलेलं हे तंत्र अगदी साधं आहे. साइट आपल्या नव्या लेखांची एक यादी ठेवते, तुमचं रीडर अ‍ॅप ती अधूनमधून तपासतं आणि नवं आलेलं तुमच्यापुढे ठेवतं. मध्ये अल्गोरिदम नाही. १ जुलै २०१३ रोजी गूगलने आपला लोकप्रिय रीडर बंद केला तेव्हा पुष्कळांनी आरएसएसला श्रद्धांजली वाहिली होती, पण ते आजही ठणठणीत आहे. पॉडकास्टचं जगही त्याच्यावरच उभं आहे.

फीडली किंवा इनोरीडर या रीडरवर खातं उघडा. अ‍ॅपलची उपकरणं वापरत असाल तर नेटन्यूजवायर फुकट आहे. स्वतःचा सर्व्हर चालवण्याची हौस असेल तर फ्रेशआरएसएस आहेच. साइटचा पत्ता शोधपेटीत टाकला की बहुतेक रीडर तिचा फीड, म्हणजे ती यादी, आपणच शोधून काढतात. यूट्यूबचे चॅनेलही तसेच जोडता येतात.

सुरुवातीला पाच-सहा फीड पुरेत. रोजच्या घडामोडींसाठी द व्हर्ज किंवा एनगॅजेट यांपैकी एक घ्या आणि सावकाश, खोलात लिहिणारी आर्स टेक्निका. मोजमापं करणाऱ्यांपैकी तुमच्या आवडीचं निवडा: फोनसाठी जीएसएमअरीना, लॅपटॉपसाठी नोटबुकचेक, टीव्ही आणि मॉनिटरसाठी आरटिंग्ज. वस्तू उघडून आत काय आहे ते दाखवणारी आयफिक्सिटही ठेवा. चिपबद्दल सर्वांत बारकाईने लिहिणारी आनंदटेक या यादीत हवी होती, पण १९९७ पासून चाललेली ती साइट ऑगस्ट २०२४ मध्ये थांबली. तिचे जुने लेख मिळतील तिथे वाचून घ्या. प्रोसेसरच्या आत काय चालतं हे त्यांच्याइतकं नीट फार थोड्यांनी समजावलं आहे.

पायरी २: पंचांग पाहून ठेवा

या धंद्याचे सण, म्हणजे नव्या वस्तू दाखवायची प्रदर्शनं आणि कंपन्यांचे मेळावे, ठरलेले आहेत. जानेवारीत लास वेगासला सीईएस (पहिलं १९६७ मध्ये न्यूयॉर्कला भरलं होतं), त्यानंतर बार्सिलोनाला एमडब्ल्यूसी, मेमध्ये गूगल आय/ओ, जूनच्या आसपास तैपेईला कॉम्प्युटेक्स, जूनमध्येच अ‍ॅपलचं डब्ल्यूडब्ल्यूडीसी, सप्टेंबरात बर्लिनचं आयएफए आणि बहुतेक वर्षी नवे आयफोन. एखाद्या मालिकेचा नवा फोन दरवर्षी ज्या महिन्यात येतो, त्याच्या तोंडावर जुना विकत घेऊ नका. पंचांगाचा सर्वांत रोख फायदा हाच.

सीईएसमध्ये दिसलेल्या वस्तूंकडे गंमत म्हणून पाहा. गुंडाळता येणारे टीव्ही, बोलणारे आरसे, घरभर फिरणारे यंत्रमानव यांतलं बरंच काही दुकानापर्यंत पोचत नाही. आणि १ एप्रिलला काहीच खरं मानू नका. अर्थात २००४ मध्ये गूगलने त्याच दिवशी १ जीबी जागा देणारी जीमेल जाहीर केली होती आणि कितीतरी लोकांनी ती थट्टा समजून सोडून दिली.

पायरी ३: लीकची प्रत ओळखा

लीक म्हणजे घोषणेआधीच फुटलेली माहिती, वस्तू अजून कोणाच्याच हातात नाही. क्वचित ती खरोखर हाती लागते. २०१० मध्ये आयफोन ४ चा नमुना अ‍ॅपलच्या कर्मचाऱ्याकडून एका बारमध्ये राहून गेला आणि गिझमोडो या साइटने तो विकत घेऊन जगाला दाखवला. पण असं घबाड विरळाच. एरवी लीक चार वाटांनी येतात आणि त्यांची प्रत एकसारखी नसते.

सर्वांत भक्कम वाट सरकारी नोंदींची. रेडिओ लहरी सोडणारं उपकरण अमेरिकेत विकायचं तर एफसीसी या नियामक संस्थेची मान्यता लागते आणि त्या नोंदी कोणालाही पाहता येतात. मॉडेल क्रमांक, कुठल्या प्रकारचं वायफाय, कुठले नेटवर्क बँड हे तिथे कळतं. आतले-बाहेरचे फोटो आणि माहितीपुस्तिका १८० दिवसांपर्यंत झाकून ठेवायची विनंती कंपनी करू शकते, म्हणून नोंद आधी दिसते आणि फोटो मागाहून. अशा नोंदीचा अर्थ एवढाच घ्यायचा की वस्तू खरी आहे आणि बाजाराच्या दिशेने निघाली आहे. किंमत किंवा तारीख त्यातून कळत नाही, मथळा काहीही म्हणो.

दुसरी वाट कव्हर बनवणाऱ्यांची. फोन दुकानात आला त्याच दिवशी कव्हरही विकायचं तर त्यांना फोनची मापं आधीच लागतात. त्या मापांवरून कॉम्प्युटरवर काढलेली चित्रं फिरू लागतात. त्यात आकार, बटणांच्या जागा आणि कॅमेऱ्याचा उंचवटा सहसा बरोबर निघतो. जून २०१९ मध्ये पिक्सेल ४ ची अशी चित्रं पसरल्यावर गूगलने स्वतःच फोनच्या पाठीचा फोटो प्रसिद्ध करून टाकला, फोन प्रत्यक्षात ऑक्टोबरात आला!

तिसरी वाट म्हणजे ‘सूत्रांच्या माहितीनुसार’. इथे माणूस बघायचा. ब्लूमबर्गचा मार्क गुरमन किंवा विश्लेषक मिंग-ची कुओ यांची मागची भाकितं तपासता येतात. कारखान्यांच्या साखळीतून आलेली माहिती सुट्या भागांबद्दल पक्की असते, नाव आणि किंमत याबद्दल कच्ची, कारण स्क्रू पुरवणाऱ्याला फोनचं नाव कोणी सांगत नाही. चौथी वाट गीकबेंच या वेग मोजणाऱ्या अ‍ॅपच्या साइटवर अचानक उगवलेल्या गुणांची. तिथे कोणीही निकाल चढवू शकतो आणि उपकरणाचं नाव बदलणंही अवघड नाही. असे आकडे हसून सोडून द्यावेत.

सवय म्हणून एक करा: बातमीतला ‘स्रोत’ हा दुवा दाबा, तिथून पुढचा, आणि मूळ सापडेपर्यंत मागे जात राहा. पुष्कळदा दहा साइट्सनी छापलेली बातमी एकाच निनावी पोस्टपाशी जाऊन थांबते. मथळा प्रश्नार्थक असेल तर इयन बेटरिज या पत्रकाराने २००९ मध्ये मांडलेला नियम लावा: अशा प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं देऊन टाकायला हरकत नसते.

पायरी ४: घोषणेतली जाहिरात वेगळी काढा

घोषणेच्या दिवशी वस्तू कंपनीच्या हातात असते आणि कंपनी ती तिला हव्या त्याच कोनातून दाखवते. सप्टेंबर २०१२ मध्ये नोकियाने लुमिया ९२० च्या कॅमेऱ्याची स्थिरता दाखवायला सायकलवरच्या तरुणीचं चित्रीकरण प्रसिद्ध केलं. मागे दिसणाऱ्या एका खिडकीच्या काचेत मोठा कॅमेरा घेतलेला माणूस दिसला आणि ते चित्रीकरण फोनने केलेलं नव्हतं हे उघड झालं. नोकियाला माफी मागावी लागली. २०१६ मध्ये हुआवेने पी९ फोनच्या कौतुकात टाकलेल्या एका फोटोच्या आत दडलेली माहिती लोकांनी उघडून पाहिली, तर फोटो कॅननच्या व्यावसायिक कॅमेऱ्याने काढलेला! ही तपासणी तुम्हीही करू शकता. फोटोची मूळ फाइल मिळाली तर तिच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये कॅमेऱ्याचं नाव बहुतेकदा असतं.

घोषणा झाली म्हणजे वस्तू येईलच असंही नाही. अ‍ॅपलने सप्टेंबर २०१७ मध्ये एअरपॉवर ही चार्जिंगची चटई रंगमंचावर दाखवली आणि २९ मार्च २०१९ ला ती रद्द केल्याचं सांगितलं. मधल्या दीड वर्षात तिच्याबद्दल शेकडो बातम्या लिहिल्या गेल्या असतील. त्या सगळ्या एका अशा वस्तूबद्दल होत्या जी कोणाच्याही घरी गेली नाही.

पायरी ५: आकड्यांपाशी थांबा

नवखे सर्वांत जास्त इथेच फसतात, म्हणून जरा रेंगाळू.

‘पर्यंत’ हा शब्द दिसला की समजा, तो आकडा कमाल आहे आणि तुमच्या वाट्याला त्याहून कमी येणार आहे. वायफाय ७ चा कागदावरचा वेग ४६ गिगाबिटपर्यंत जातो, पण त्यासाठी लागतात तेवढे अँटेना कुठल्याही फोनमध्ये नसतात. पडद्याची ‘कमाल चमक’ पडद्याच्या छोट्याशा भागावर थोडा वेळ मोजलेली असते. पूर्ण पांढऱ्या पडद्यावर उन्हात किती चमक मिळते ते परीक्षणातच पाहा.

बॅटरीबाबत एमएएचवर (मिलिअँपिअर-अवर) जाऊ नका, ऊर्जा मोजणारे वॉट-अवर पाहा. २०,००० एमएएचची पॉवर बँक आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टवर मोजलेली असते, म्हणजे ऊर्जा ७४ वॉट-अवर. तीच ऊर्जा ५ व्होल्टवर बाहेर काढली की हिशोबाने १४,८०० एमएएचच उरतात, वर रूपांतरात काही वाया जातात. पॉवर बँक खोटी नसते, फक्त मोजायची जागा तिने स्वतःच्या सोयीची निवडलेली असते. विमानात चालेल का हेही वॉट-अवरवरच ठरतं. १०० पर्यंतची बॅटरी साधारणपणे हातातल्या सामानात नेऊ देतात.

साठवणुकीतही तसंच. १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते. कोणी काही चोरलेलं नाही. डिस्क बनवणारा हजाराच्या पटीत मोजतो आणि विंडोज १०२४ च्या.

यूएसबीच्या नावांचा गोंधळ तर पाहण्यासारखा आहे. २००८ चं यूएसबी ३.० पुढे यूएसबी ३.१ जेन १ झालं आणि मग यूएसबी ३.२ जेन १. वेग तिन्हींचा एकच, ५ गिगाबिट. म्हणजे नवा आकडा पाहून नवं काही घेतलं असं वाटेल, पण मिळतं तेच जुनं. त्यातून टाइप-सी हा फक्त तोंडाचा आकार. त्या तोंडाची केबल २००८ च्याही आधीच्या यूएसबी २.० च्या वेगाची, म्हणजे ४८० मेगाबिटची असू शकते आणि फोनच्या खोक्यात बऱ्याचदा तीच निघते. केबल घेताना दोन गोष्टी लिहिलेल्या हव्यात: किती गिगाबिट आणि किती वॉट. दोन्हींपैकी एकही छापलेलं नसेल तर ती चार्जिंगपुरती समजा.

आयपी६८ ही धूळ-पाणी रोखण्याची श्रेणी. तिच्यातला ६ धुळीसाठी आणि ८ पाण्यासाठी. किती खोल आणि किती वेळ हे ८ च्या बाबतीत उत्पादकच ठरवतो, त्यामुळे दोन आयपी६८ फोन सारखे नसतात. चाचणी गोड्या पाण्यात आणि नव्या कोऱ्या नमुन्यावर होते. समुद्र, साबण आणि दोनदा पडून उठलेला फोन यांची हमी त्यात नाही. कॅमेऱ्याचे २०० मेगापिक्सेल बहुतेक वेळा सोळा-सोळा पिक्सेल एकत्र करून १२.५ चा फोटो देतात, आणि त्यात वाईट काही नाही, अंधारात उलट फायदाच होतो. ‘३ नॅनोमीटर’ हे आता चिप बनवण्याच्या पिढीचं नाव आहे, माप नव्हे. त्यावरून दोन वेगळ्या कारखान्यांची तुलना करू नका.

पायरी ६: ओळख आणि परीक्षण यांत फरक करा

‘हँड्स-ऑन’ किंवा ‘पहिली नजर’ असं लिहिलेलं असेल तर वस्तू पत्रकाराच्या हातात थोडाच वेळ होती, तीही कंपनीच्या टेबलावर आणि बाजूला कंपनीचा माणूस उभा असताना. त्यातून वजन, जाडी, बटणांचा स्पर्श एवढंच घ्या. बॅटरी, उष्णता, रात्रीचे फोटो यांबद्दल तिथे काही लिहिलेलं असेल तर ते पत्रकातून उतरवलेलं आहे.

परीक्षणं ठरल्या दिवशी, ठरल्या मिनिटाला एकदम बाहेर पडतात. त्याला एम्बार्गो म्हणतात. पत्रकाराला वस्तू आधी मिळते, पण वेळेआधी बोलायची मुभा नसते. त्या दिवशीची परीक्षणं वाचा, पण निर्णय घेऊ नका. दोन-तीन आठवड्यांनी, वस्तू दुकानातून स्वतः विकत घेऊन लिहिणाऱ्याचं परीक्षण जास्त उपयोगी असतं. नमुना कोणी दिला आणि खरेदीच्या दुव्यांवर लिहिणाऱ्याला कमिशन मिळतं का, हे चांगल्या साइट्स स्पष्ट सांगतात. न सांगणाऱ्यांना फीडमधून काढून टाका.

बेंचमार्कचे, म्हणजे वेग मोजणाऱ्या चाचण्यांचे, गुण वाचताना २०१३ चा किस्सा लक्षात ठेवा. आर्स टेक्निकाला सॅमसंगच्या गॅलेक्सी नोट ३ चे गुण संशयास्पद वाटले. त्यांनी गीकबेंच अ‍ॅपचं नाव बदलून तेच अ‍ॅप पुन्हा चालवलं, तर गुण घसरले. नाव ओळखून फोन तेवढ्यापुरता जोर लावत होता. २०२२ मध्ये उलट प्रकार झाला. सॅमसंगचे फोन रोजची अ‍ॅप्स दाबून ठेवत होते आणि बेंचमार्कला मोकळं सोडत होते, म्हणून गीकबेंचने गॅलेक्सी एस२२ सह चार पिढ्या यादीतून काढल्या. तेव्हा एका आकड्यावर जाऊ नका. वीस मिनिटं सलग ताण दिल्यावर वेग किती उरतो त्याचा आलेख शोधा.

पण परीक्षकाच्या हातात वस्तू जाणं महत्त्वाचं का, तेही एका उदाहरणातून दिसतं. एप्रिल २०१९ मध्ये पहिल्या गॅलेक्सी फोल्डचे नमुने परीक्षकांकडे गेले आणि काही दिवसांतच काहींचे पडदे निकामी झाले. काहींनी वरचा संरक्षक थर साधा चिकटपट्टीचा समजून सोलला होता, काहींचे तसेच बिघडले. विक्री सप्टेंबरपर्यंत पुढे गेली. आयफिक्सिटने तो फोन उघडून लिहिलेला लेख सॅमसंगच्या विनंतीवरून काढून टाकला आणि तसं जाहीरही केलं.

पायरी ७: पैसे मोजलेल्यांचं ऐका, पण कान उघडे ठेवून

काही दोष हजारो हातांत गेल्याशिवाय दिसतच नाहीत. आयफोन ४ विशिष्ट प्रकारे धरला की सिग्नल पडतो, हे जून २०१० मध्ये ग्राहकांनीच पहिल्या दिवसापासून आरडाओरडा करून सांगितलं. पुढे अ‍ॅपलने कव्हरं फुकट वाटली. २०१६ च्या ऑगस्टमध्ये गॅलेक्सी नोट ७ ला भरघोस स्तुती मिळाली होती, सप्टेंबरात बॅटऱ्या पेटत असल्याने तो परत मागवला गेला आणि ऑक्टोबरात कायमचा बंद झाला. स्तुती करणारे खोटं बोलत नव्हते, तो दोष त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता.

रेडिटवर किंवा एखाद्या मंचावर गेल्यावर लक्षात ठेवा की समाधानी माणूस तिथे लिहायला येत नाही. ‘भयंकर फोन, घेऊ नका’ या वाक्यातून काहीच कळत नाही. तीन अनोळखी माणसं तीच आवृत्ती, तीच कृती आणि तोच बिघाड सांगत असतील तर ती दखल घेण्याजोगी गोष्ट. दोन कंपन्यांच्या भक्तांची भांडणं न वाचता खाली सरका, त्यांत माहिती नसते.

पहिले काही दिवस नुसतं वाचा. विचारायची वेळ आली तर आधी शोधा आणि मग मॉडेल क्रमांक, सॉफ्टवेअरची आवृत्ती, काय केलं, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं हे सगळं पहिल्याच पोस्टमध्ये लिहा. अशा प्रश्नाला उत्तर मिळतं. ‘फोन चालत नाही, मदत करा’ याला थट्टा मिळते. आणि तोडगा सापडला की तो तिथेच लिहून ठेवा. ‘झालं ठीक, धन्यवाद’ एवढंच लिहून गायब होणाऱ्या माणसावर पुढे वर्षानुवर्षं लोक चरफडत असतात.

पायरी ८: घेण्याआधी तार तोडून पाहा

शेवटचा हात दिसत नाही, कारण तो सर्व्हरचा असतो. ह्युमेन या कंपनीचा कपड्यांवर लावायचा एआय पिन नोव्हेंबर २०२३ मध्ये गाजावाजा करून जाहीर झाला. एप्रिल २०२४ मध्ये परीक्षकांनी त्याला झोडपलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये एचपीने कंपनीचा बराचसा भाग विकत घेतला आणि त्याच महिन्याच्या २८ तारखेला पिनचे सर्व्हर बंद झाले. पिन शाबूत, बॅटरी शाबूत, पण काम काही होईना. इंटरनेटशिवाय चालणारं काय उरलं, तर बॅटरी किती शिल्लक आहे ते सांगणं!

याउलट पेबल. हे मनगटी घड्याळ बनवणारी कंपनी डिसेंबर २०१६ मध्ये मिटली, पण घड्याळ फोनशी थेट बोलत असल्याने हौशी लोकांच्या रेबल या गटाला बंद पडलेल्या सेवांच्या जागी स्वतःच्या सेवा उभ्या करता आल्या आणि जुनी घड्याळं चालत राहिली. जानेवारी २०२५ मध्ये गूगलने त्याचं सॉफ्टवेअरही खुलं केलं.

तेव्हा कॅमेरा, दिवा, कुलूप, घड्याळ, काहीही ‘स्मार्ट’ घेण्याआधी त्याच्या मंचावर एवढं शोधा: इंटरनेट बंद असताना ते काय काय करतं, खातं न उघडता चालतं का, आणि महिन्याची वर्गणी थांबवली तर कुठल्या सोयी जातात. फोन असेल तर कंपनीच्या मदतीच्या पानावर अपडेट किती वर्षं मिळणार ते पाहा. पिक्सेल ८ पासून गूगल आणि गॅलेक्सी एस२४ पासून सॅमसंग आपल्या वरच्या फोनना सात वर्षांचं आश्वासन देतात. ही वर्षं फोन बाजारात आल्या दिवसापासून मोजली जातात, तुम्ही घेतल्या दिवसापासून नाही. दोन वर्षं जुना फोन स्वस्तात मिळत असेल तर आधी दोन वजा करा आणि मग किंमत बघा.